भिंत फक्त बर्लिनलाच नव्हती
मा. संपादक, स. न.

जर्मनीच्या फाळणीविषयी लिहिताना आपली वृत्तपत्रे बर्लिनपलीकडे सहसा जात नाहीत. म्हणून मोडलारॉइट या जेमतेम पन्नास वस्तीच्या खेड्याकडे लक्ष वेधू इच्छितो. टानबाख नावाचा, सहज ओलांडता येईल असा ओढा या गावातून वाहतो. त्याच्या एका काठाला बव्हेरिया, दुसऱ्या काठाला थुरिंगिया, अशी दोन जर्मन राज्ये. पण मुले थुरिंगियातल्या शाळेत आणि सारा गाव रविवारी बव्हेरियातल्या ट्योपेनच्या चर्चमध्ये जाई, त्यामुळे हद्द केवळ कागदावर होती.

१९४९ मध्ये हाच ओढा पश्चिम जर्मनी (बव्हेरियाची बाजू) आणि पूर्व जर्मनी (थुरिंगियाची बाजू) या दोन देशांची सीमा ठरला, १९५२ मध्ये लाकडी कुंपण आले आणि १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. पश्चिमेकडून कोणी हात हलवला, तरी पूर्वेकडच्यांना, मग ते सख्खे नातलग का असेनात, प्रतिसाद देण्यास मनाई होती. मला ही मनाई काटेरी तारेपेक्षा क्रूर वाटते.

९ डिसेंबर १९८९ रोजी भिंतीतून वाट खुली झाली. तिचा काही भाग आता संग्रहालय म्हणून जपला आहे. राज्ये मात्र अजून दोन, पिनकोडही दोन! येत्या ३ ऑक्टोबरला, जर्मन एकीकरण दिनी, आपल्या पुरवणीत या गावालाही जागा मिळावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे