‘पिंपळगावला नेतो’ म्हणणारे टीममालक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या क्रीडा पानावर एक लेख होता, फुटबॉलच्या टीम्स गावं का बदलतात यावर. सगळा सूर असा की मोठं मार्केट जिथे टीम तिथे, हा धंद्याचा नियमच आहे आणि नाशिकसारख्या गावाने उगाच स्वप्नं बघू नयेत. वाचता वाचता माझे पोहे गार झाले. स्वप्नं बघू नयेत हे एकवेळ मान्य करतो, पण तो नियम काही पटला नाही, कारण टीम उचलून दुसरीकडे नेण्यात जे सगळ्यात निर्ढावलेत त्या अमेरिकेतसुद्धा तो नीट लागू पडत नाही.

मी अंबडला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवतो, खेळातला जाणकार वगैरे नाही. पण माझा भाचा सॅन डिएगोला असतो आणि २०१६ च्या ऑक्टोबरात मी आणि मिसेस महिनाभर त्याच्याकडे होतो. तेव्हा तिथे चार्जर्स नावाच्या टीमचं महाभारत चालू होतं. (त्यांचा फुटबॉल म्हणजे तो हातात धरून पळायचा लांबट बॉल, पायाचा संबंध अधूनमधूनच येतो, पण नाव फुटबॉल, आपण काय बोलणार.) मालकांचं म्हणणं होतं की जुनं स्टेडियम आता पुरे, डाउनटाउनला नवीन पाहिजे, आणि त्यासाठी हॉटेलवरचा टॅक्स वाढवून पैसे उभे करा, नाहीतर आम्ही चाललो लॉस एंजेलिसला. लोकांच्या घरासमोर लॉनवर पाट्या लागलेल्या, कुणाची हो म्हणून कुणाची नाही म्हणून. नोव्हेंबरात मतदान झालं, पास व्हायला दोन तृतीयांश मतं लागत होती, पडली अर्ध्याहून कमी. जानेवारी २०१७ मध्ये टीमने गाव सोडलं. १९६१ पासून तिथे होती. लोकांनी ऑफिससमोर जाऊन आपल्या जर्सी, टोप्या फेकून दिल्या, भाच्याने व्हिडिओ पाठवला होता.

बरं, मोठ्या मार्केटला जाऊन काय झालं? पहिली तीन वर्षं ही टीम एका सॉकरच्या (म्हणजे आपल्या पायाने खेळायच्या फुटबॉलच्या) ग्राउंडवर खेळली, २७ हजार खुर्च्यांचं, आणि तिथेही पाहुण्या टीमचे लोक जास्त. नंतर दुसऱ्या टीमच्या स्टेडियममध्ये भाडेकरू म्हणून गेली, भाडं वर्षाला १ डॉलर. म्हणजे गर्दीसाठी गेली म्हणावं तर गर्दी मागेच राहिली होती. मग गेली कशाला?

ते कळायला त्यांचा हिशोब बघावा लागतो. एनएफएल म्हणजे या लांबट बॉलवाल्या फुटबॉलची अमेरिकेतली मोठी लीग, तिच्यात टीम ३२ आणि टीव्हीचा पैसा सगळ्यांत सारखा वाटला जातो. २०२१ साली त्यांनी टीव्हीवाल्यांशी जे करार केले ते ११ वर्षांचे आणि सुमारे ११ हजार कोटी डॉलरचे आहेत. न्यूयॉर्कच्या टीमला जेवढा वाटा तेवढाच ग्रीन बेला, आणि ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव, आपल्या सिन्नर-निफाडच्या पंगतीत बसेल असं. तिथल्या पॅकर्स टीमचा मालक कुणी एक शेठ नाही, पाच लाखांवर शेअरहोल्डर आहेत, डिव्हिडंड एक पैसा नाही, म्हणून त्यांना हिशोब जाहीर करावा लागतो. २०२४ च्या हिशोबात लीगकडून आलेला वाटाच ४० कोटी डॉलरच्या वर दिसतो. तिकीट विकण्याआधीचे हे पैसे आहेत हो. मग गाव लहान की मोठं याने पोटाला चिमटा बसतो कुठे?

चिमटा बसतो तो न वाटल्या जाणाऱ्या पैशात. स्टेडियममधले ते काचेचे लक्झरी बॉक्स, स्टेडियमला कंपनीचं नाव द्यायचे पैसे, पार्किंग, लोकल स्पॉन्सर, यातलं बरंचसं मालकाच्याच खिशात राहतं. म्हणजे मालकाला माणसं किती येतात याच्यापेक्षा स्टेडियम कसं आहे आणि ते कुणाच्या पैशाने बांधलंय यात जास्त रस. त्यात टीमची स्वतःची किंमत वेगळीच. रॅम्स ही टीम २०१६ ला सेंट लुईसहून लॉस एंजेलिसला गेली तेव्हा फोर्ब्सच्या अंदाजात तिची किंमत एका वर्षात दुप्पट झाली, खेळाडू तेच, हरणं तेच. लीगने हलवायची फी लावली ५५ कोटी डॉलर, ती बाकीच्या मालकांत वाटली गेली. टीम हलवायला ३२ पैकी २४ मतं लागतात, रॅम्सच्या वेळी ३० पडली. फीचा वाटा मिळणार असेल तर हात वर करायला कुणाचं काय जातंय.

आता मुख्य मुद्दा, जो त्या लेखात अजिबात नव्हता. १९९५ ते २०१५ अशी वीस वर्षं लॉस एंजेलिसमध्ये एकसुद्धा टीम नव्हती, अमेरिकेतलं दोन नंबरचं मार्केट. मोठं मार्केट म्हणजेच सगळं असतं तर पहिल्याच वर्षी कुणीतरी जाऊन बसला असता की. पण ते रिकामं होतं म्हणूनच कामाचं होतं! कुठल्याही गावात स्टेडियमची बोलणी अडली की मालकाने नुसतं म्हणायचं, लॉस एंजेलिस रिकामं आहे बरं का, आणि इकडे महापौराला घाम. आपल्याकडे कांदा घेऊन गेलेला शेतकरी लासलगावला भाव पडला की म्हणतो, राहू द्या, पिंपळगावला नेतो. फरक एवढाच की आपल्याकडे ट्रॅक्टरची रांग दोन किलोमीटर असते, व्यापारी हसतो आणि म्हणतो ने बाबा. तिकडे ट्रॅक्टर फक्त ३२ आणि बाजार समित्या पन्नास, आणि तेहतिसावा ट्रॅक्टर येऊ द्यायचा की नाही हे त्या ३२ जणांनीच ठरवायचं. असा भाव कुठल्या शेतकऱ्याने बघितलाय?

आणि रेडर्स तर सरळसरळ लहान मार्केटला गेले. ओकलंड सोडून २०२० ला लास वेगास. टीव्ही मार्केट म्हणून वेगास सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पट्ट्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण नेवाडाने हॉटेलच्या खोल्यांवर टॅक्स लावून ७५ कोटी डॉलर देऊ केले, झालं. ओकलंडने १९९५ ला याच टीमला परत आणायला जुनं स्टेडियम वाढवलं होतं, त्याचे हप्ते टीम निघून गेल्यावरही लोक भरत होते. सेंट लुईसचंही तेच. पब्लिकच्या पैशाने डोम, म्हणजे छत असलेलं स्टेडियम, बांधला आणि करारात चक्क लिहून दिलं की हा डोम कायम लीगमधल्या वरच्या पाव स्टेडियममध्ये राहील, नाही राहिला तर टीम मोकळी. बाकीचे नवीन बांधत राहणार, तुमचा डोम वीस वर्षांनी वरच्या पावात राहणार कसा? हे कलम ज्या कुणी सही करून मान्य केलं त्याला आमच्या बँकेच्या मॅनेजरसमोर एकदा बसवायला पाहिजे. नंतर शहराने लीगवर केस केली, तुमचेच हलवायचे नियम तुम्ही पाळले नाहीत म्हणून, आणि २०२१ ला ७९ कोटी डॉलरवर मिटवली. त्यातला तिसरा हिस्सा वकिलांनी नेला ते सोडा.

बाल्टिमोरचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८४ च्या मार्चमध्ये तिथल्या राज्याने टीमचं भूसंपादन करायचा कायदा आणला. हो, आपण रिंग रोडला जमीन घेतो तसं, टीमच ताब्यात घ्यायची. मालकाला कुणकुण लागली, त्याने रातोरात सामान हलवणाऱ्या कंपनीचे ट्रक बोलावले आणि बर्फ पडत असताना अख्खी टीम इंडियानापोलिसला. सकाळी लोक उठले तर ऑफिस रिकामं. आपल्या द्राक्षवाल्यांना ही सकाळ नवीन नाही, व्यापारी माल घेऊन फरार झाल्याची. आणि ज्या बाल्टिमोरने एवढी छाती पिटली त्यानेच बारा वर्षांनी क्लीव्हलंडची टीम पळवून आणली. क्लीव्हलंडवाले हुशार, ते भांडले आणि ब्राउन्स हे नाव, रंग, जुने रेकॉर्ड एवढं तरी गावात ठेवून घेतलं, १९९९ ला त्याच नावाने नवीन टीम मिळाली.

मी हे एवढं का लावून धरलंय तर मीही या धाकाचा अनुभव घेतलाय. एका मोठ्या कंपनीला मी अकरा वर्षं ब्रॅकेट्स पुरवत होतो. त्यांनी सांगितलं मशीन वाढवा, काम वाढणार आहे, म्हणून कर्ज काढून प्रेस ब्रेक घेतला. दोन वर्षांत त्यांना दुसऱ्या राज्यात सवलती मिळाल्या, लाइन तिकडे गेली, मला एक ईमेल आला चार ओळींचा. हप्ते मात्र नाशिकलाच राहिले. त्यांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही, करारात लिहिलेलं नव्हतं, चूक माझी की मी लिहून घेतलं नाही.

इंग्लंडमध्ये हा खेळ चालत नाही कारण तिथे खालच्या लीगमधून वर चढता येतं, मोठ्या गावाला टीम हवी तर त्याने आपली घडवावी. एकदाच जोरात प्रयत्न झाला, विम्बल्डनची टीम २००३ ला मिल्टन कीन्सला नेली. चाहत्यांनी आधीच २००२ ला स्वतःची नवीन टीम काढलेली, नवव्या पायरीपासून खेळत २०११ ला फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांत, आली. आपल्याकडच्या आयएसएलने (इंडियन सुपर लीग, भारतातली फुटबॉलची लीग) मात्र अमेरिकेचा कित्ता गिरवला, फ्रँचायझी विकत घ्या आणि बसा. २०१९ ला पुण्याची टीम पैशाच्या अडचणीत बंद झाली, तिच्या जागी हैदराबाद आलं, ते २०२२ ला चॅम्पियनही झालं, आणि २०२५ ला तेच बिऱ्हाड दिल्लीला. त्याच २०१९ मध्ये दिल्लीची टीम उठून भुवनेश्वरला गेली होती, का तर तिथे कलिंगा स्टेडियम आणि राज्य सरकारचा हात. दिल्ली लहान मार्केट आणि भुवनेश्वर मोठं, असं लेखकसाहेबांना म्हणायचंय का?

तेव्हा उद्या कुणी कोट घालून नाशिकला आला, म्हणाला टीम देतो, स्टेडियम बांधून द्या, तर महापालिकेने फुलांचा गुच्छ द्यायच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. किती वर्षं थांबणार आणि आधी गेलात तर उरलेलं कर्ज कोण फेडणार. बॉक्स आणि पार्किंगच्या पैशात शहराचा वाटा किती. आणि नाव कुणाचं. या तीन कलमांवर तो माणूस दुसऱ्या दिवशी फोन उचलत नसेल तर ते पैसे हिरावाडीच्या संकुलात आणि शाळांच्या ग्राउंडवर घाला, पोरं निदान कुठे जाणार नाहीत. रणजीच्या मॅचला गोल्फ क्लबवर फुकटात बसून ओरडणारं पब्लिक आपल्याकडे आहे, त्यांना काचेचे बॉक्स नकोत, संडास स्वच्छ हवेत.

आपला,
अंबडचा एक वाचक

ता.क. भाच्याने दिलेली चार्जर्सची जर्सी मी वर्कशॉपला घालतो. खांद्यावर नुसती वीज काढलेली आहे, गावाचं नाव नाही, त्यामुळे आमच्या वेल्डरला अजून वाटतं की ती महावितरणने वाटली असेल.