पुस्तकांची नावे मागणाऱ्या मुलास

सातारा

चि. मंदार यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या कार्यालयातील मंडळी आळीपाळीने एकमेकांना पुस्तके सुचवतात आणि या खेपेस तुझी पाळी आहे, म्हणून तू माझ्याकडे मराठीतील चार नावे मागितली आहेस. कथा-कादंबरी नको, खरे घडलेले आणि खरे असलेले सांगणारे हवे, शिवाय विषय वेगवेगळे हवेत, अशी तुझी अट आहे. चारांत माझे भागणार नाही. नुसती नावे फोनवरही सांगता आली असती. पण कोणते पुस्तक का वाचायचे हे सांगितल्यावाचून नाव देणे मला पटत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अशी पुस्तके निवडताना मी विषयाकडे फारसे पाहत नाही. लिहिणाऱ्याला हे सगळे कळले कसे, एवढे मी आधी पाहते. तो तिथे हजर होता का, ते काम त्याने स्वतः केले आहे का, जुनी कागदपत्रे त्याने स्वतः चाळली आहेत का, की चार पुस्तके वाचून त्याने पाचवे लिहिले आहे? आयुष्यात यशस्वी कसे व्हावे हे सांगणारी जी पुस्तके तुझ्या टेबलावर मी पाहिली, त्यांत नेमके हेच सापडत नाही. ज्याने पाहिले आहे त्याचे लिहिणे विषय आपला नसला तरी धरून ठेवते, आणि त्याचे मत आपल्याला पटले नाही तरी त्याने पाहिलेले आपल्या पदरात पडते.

सुरुवात 'माझा प्रवास' या पुस्तकाने कर. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक १८५७ साली घरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेकडे निघाले, कारण ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या बायजाबाई मोठा यज्ञ करणार असून तिथे दक्षिणा चांगली मिळेल असे त्यांच्या कानावर आले होते. वाटेतच त्यांना बंडाने गाठले. पुढच्या वर्षी इंग्रजी फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहराच्या आत होते. शहर पडल्यानंतर लूट कशी झाली, आधी सोनेनाणे, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापडचोपड आणि धान्य कसे गेले, हे ते ज्या बारकाईने सांगतात, ती बारकाई लढाईच्या सरकारी अहवालात मिळणार नाही, कारण रिकाम्या घरात उपाशी बसलेल्या माणसाने ती टिपली आहे. कमावलेले द्रव्य वाटेत लुटले गेले आणि घरी परतताना त्यांच्यापाशी उरली ती आई-वडिलांसाठी आणलेली गंगेची कावड. पुढे कितीतरी वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सारे लिहून काढले आणि १९०७ साली, त्यांच्या पश्चात, ते छापले गेले. वैद्यांनी छापताना मूळ लेखनात बरेच फेरफार केले होते, त्यामुळे विकत घेताना मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती माग. दत्तो वामन पोतदार यांनी ती प्रसिद्ध केली होती. भाषा पहिली काही पाने अडखळायला लावील. तिथे सोडू नकोस.

आता ज्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे त्या तीन पुस्तकांकडे येते. ही तिन्ही एकापाठोपाठ एक वाचावीत आणि एक वाचले तर उरलेली दोन वाचल्यावाचून राहू नये, असे माझे ठाम मत आहे. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, त्यामुळे माझा कल तुला दिसेल; तो मी लपवीत नाही.

पहिले त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा'. ते १९१५ साली निघाले. आत्रे महसूल खात्यातले, गावोगाव फिरलेले. पाटील-कुलकर्णी, गावाची कामे करून पिकातला वाटा म्हणजे बलुते घेणारे बारा बलुतेदार, अलुतेदार, दारोदार फिरून मागणाऱ्या जमाती, बाजार, सण, कर्ज, मानपान, हे सर्व त्यांनी इतक्या तपशिलाने मांडले आहे की आपल्या गावाचे जुने खाते उघडून कोणी समोर बसवावे तसे वाटते. कोणत्या कामाबद्दल खळ्यावर कोणाला किती मिळायचे आणि ते कसे मागितले जायचे, हे त्यात आहे. त्यांची भाषा तर अशी की खेड्यातल्या एकेका वस्तूचे आणि व्यवहाराचे नाव तिथे जिवंत सापडते. पण आत्रे हे सगळे अंमलदाराच्या खुर्चीवरून पाहतात. कुणब्याच्या कष्टावर किती माणसे जगतात याचा हिशेब मांडताना फिरत्या जमातींविषयी ते अतिशय कठोर लिहितात, आणि ते आज वाचवत नाही. तरीही वाच, कारण त्या काळचा एक शिकलेला, प्रामाणिक अधिकारी गावाकडे कसा पाहत होता हेही एक सत्यच आहे.

दुसरे त्याच्या आधीचे, जोतीराव फुले यांचे 'शेतकऱ्याचा असूड'. ते १८८३ साली लिहिले गेले. शेतसारा, कोर्टकचेरी, सावकार, जंगलखाते आणि कामगारांची लाचलुचपत यांत शेतकरी कसा भरडला जातो, हे जोतीराव संतापाने लिहितात. पण तो संताप मोघम नाही. कलेक्टरच्या तंबूवरून हात हलवत घरी परतणारा शेतकरी त्यांनी उभा केला आहे. तो प्रसंग मी नोकरीत लागले त्या काळात वाचला, आणि त्यानंतर कचेरीच्या दारात अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आधी बसायला सांगायची सवय मला लागली. पावसाच्या पाण्याबरोबर शेतातली सुपीक माती वाहून जाते, ती अडवण्यासाठी ताली आणि बंधारे घालावेत, आणि हे काम पलटणी व पोलीस यांच्याकडून करवून घ्यावे, असेही त्यांनी तेव्हा सुचवले होते. पाणलोटाच्या योजनांची कागदपत्रे तपासताना मला ते पान पुष्कळदा आठवत असे.

तिसरे दया पवार यांचे 'बलुतं', १९७८ सालचे. आत्र्यांच्या पुस्तकात जे बलुते हक्क आणि चाकरी यांच्या तक्त्यासारखे दिसते, तेच इथे एका मुलाच्या आयुष्यात दिसते. दगडू मारुती पवार हा आपलीच कहाणी दया पवारांना सांगतो आहे, अशी त्याची रचना आहे. संगमनेरकडचे धामणगाव आणि मुंबईचा कावाखाना या दोन जागांमध्ये त्याचे बालपण हेलकावे खाते. मेलेले जनावर ओढणे, मयताची खबर परगावी पोचवणे, सरकारी कामासाठी रात्री-अपरात्री धावणे, आणि त्या बदल्यात मागून आणलेली भाकरी. लेखकाने आपल्या माणसांचे, आणि स्वतःचेही, काही झाकून ठेवलेले नाही, आणि म्हणूनच त्यावर विश्वास बसतो.

हे तुला इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. तू सातबारा पाहिला आहेस, पण 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलेले असते ते तू कधी वाचले नसशील. १९५८ सालच्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने, म्हणजे गावच्या चाकरीबद्दल मिळालेल्या जमिनी आणि हक्क, गेली आणि त्या जमिनी वतनदारांना नव्या शर्तीवर परत दिल्या गेल्या. त्यामुळे कित्येक उताऱ्यांवर भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असते आणि परवानगीशिवाय विक्री करता येत नाही असा शेरा असतो. मी असे उतारे आयुष्यभर हाताळले. फेरफाराचा क्रमांक, साल, अधिकाऱ्याची सही, एवढेच त्यात दिसते. ती जमीन मुळात कोणत्या चाकरीसाठी होती आणि त्या चाकरीत माणसाला काय सोसावे लागत होते, हे उताऱ्यात नसते. ते 'बलुतं' वाचल्यावर कळते. तुझ्या मित्रांपैकी कोणाला जात ही आता जुनी गोष्ट झाली असे वाटत असेल, तर त्याला हेच पुस्तक दे.

यांच्याच जोडीला इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' या संग्रहातील 'वाटचाल' हा लेख वाच. लेख छोटा आहे. मानववंशशास्त्राच्या विदुषी असलेल्या इरावतीबाई वारीत स्वतः चालल्या. एका सुरात अभंग म्हणत चालणारी माणसे जेवणाच्या वेळी जातीजातीच्या पंगतीत वेगळी होतात, याचे दुःख त्यांनी लिहिले आहे, आणि त्याच वाटेवर महाराष्ट्र म्हणजे काय हे त्यांना नव्याने उमगले तेही लिहिले आहे. भक्ती आणि चिकित्सा एकाच माणसात कशा नांदतात, हे मला या लेखाइतके दुसरीकडे क्वचितच दिसले. लोणंदला पालखीच्या मुक्कामावर कामाला असताना टँकर, तंबू आणि शौचालये यांच्या हिशेबात माझा दिवस जायचा. पण रात्री एकेका राहुटीतून चुलीचा धूर वेगवेगळा निघताना दिसे, तेव्हा इरावतीबाईंचे लिहिणे डोळ्यांपुढे येई. हा लेख आवडला तर पुढे रा. चिं. ढेरे यांचे 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' घे. ते १९८४ साली आले. विठ्ठल हा मूळचा गवळी-धनगरांचा देव असावा, या दिशेने ढेऱ्यांनी पुराणे, लोककथा, मूर्ती आणि स्थाने यांतून पुरावा गोळा केला आहे. ते सावकाश वाचायचे पुस्तक आहे. प्रवासात वाचू नकोस.

विज्ञानाकडे वळायचे तर जयंत नारळीकरांचे 'चार नगरांतले माझे विश्व' घे. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे या चार ठिकाणी त्यांचे आयुष्य गेले. विश्वाविषयीच्या सिद्धांतावर वाद घालणारा शास्त्रज्ञ विरोधी मताला उत्तर कसे देतो, एवढ्यासाठीसुद्धा ते वाचण्यासारखे आहे.

वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' तू शाळेत वाचले आहेस, पण आता पुन्हा वाच. लहानपणी तुला त्यातला गुलामाच्या पोटी जन्मलेला पोरका मुलगा तेवढा दिसला असेल. आता त्यातली शेती पाहा. कापसाने निकस झालेल्या अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या जमिनीत शेंगवर्गीय पिके घेतली की मुळांवरच्या गाठींमुळे नत्र मातीत परत येते, हे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी टस्कगीच्या भोवतालच्या गरीब शेतकऱ्यांना पटवले, आणि १९०६ पासून तर गाडीवर अवजारे लादून शिकवण त्यांच्या दारी नेण्याची व्यवस्था झाली. गवाणकरांनी कार्व्हर यांना पाहिलेले नव्हते, तेव्हा माझ्या कसोटीला हे पुस्तक अपवाद आहे. पण परक्या देशातल्या माणसाचे काम त्यांनी इतके समजून घेतले की विदर्भातल्या कापूसवाल्याला ते आपल्याच बांधावरचे वाटावे.

तुझ्या मित्रांना कदाचित नवल वाटेल, पण पाककृतींचे पुस्तकही मी याच यादीत घालते. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले. वजनकाट्याऐवजी घरातल्या वाटी-चमच्याच्या मापाने त्यांनी प्रमाण दिले, त्यामुळे नवी मुलगी असो वा एकटा राहणारा मुलगा, कोणालाही ते हाताशी धरता येते. माझी प्रत हळदीच्या बोटांनी पिवळी पडली आहे आणि अनारशांच्या पानावर तुझ्या आजीने पेन्सिलीने स्वतःचे प्रमाण लिहून ठेवले आहे. ती प्रत मी देणार नाही. तुझ्यासाठी नवी मागवली आहे.

रानाविषयी एकच नाव सांगते, मारुती चितमपल्ली. ते वनाधिकारी होते, आणि 'नवेगावबांधचे दिवस' मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या त्या तलावाकाठचे त्यांचे आयुष्य आहे. पक्ष्यांची, झाडांची, माशांची नावे त्यांनी ढिवर आणि गोंड माणसांकडून ऐकून घेतली, आणि ज्याच्याकडून ऐकले त्याला श्रेय दिले. जंगल पाहायला जायच्या आधी तुम्ही सगळे ते वाचाल तर वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसून परत येणार नाही.

'माझा प्रवास', 'बलुतं' आणि 'रुचिरा' ही तीन पुस्तके पुढच्या आठवड्यात टपालाने येतील. 'गावगाडा' माझ्या प्रतीतून तूच वाच, पण समासात मी जिथे प्रश्नचिन्ह घातले आहे तिथे तुझे मत लिहून मला परत पाठव. आणि तुमच्या मंडळीत औषधनिर्मिती, पूल बांधणे किंवा संगणकाच्या आतले काम यांवर कोणी स्वतः ते काम करणाऱ्या माणसाने लिहिलेले पुस्तक सुचवले असेल, तर त्याचे नाव कळव. इंग्रजी असले तरी चालेल, मी शब्दकोश घेऊन बसेन.

तुझे बाबा आशीर्वाद सांगतात.

तुझी,
आई