बाल्टिक अजून हिरवा का?

संपादक महोदय,

समुद्र वाचवण्याचे आंतरराष्ट्रीय करार कागदावरच राहतात, हे सांगताना उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राचा दाखला दिला जातो. हा समुद्र स्वच्छ ठेवण्यासाठी काठच्या देशांनी केलेला हेलसिंकी करार १९७४ चा, तरी उन्हाळ्यात पाण्यावर शैवालाची साय धरतेच. निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

या समुद्राची ठेवणच अवघड. सरासरी खोली जेमतेम पन्नासेक मीटर, आणि उत्तर समुद्राशी दळणवळण फक्त डेन्मार्कजवळच्या उथळ सामुद्रधुन्यांतून. पाणी पुरते बदलायला सुमारे ३० वर्षे लागतात. खारे पाणी जड, ते तळाशी. नद्यांचे गोडसर पाणी वर. थर सहजी मिसळत नसल्याने खाली ऑक्सिजन पोहोचत नाही. तो संपला की गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस, म्हणजे शैवालाचे एक खाद्य, सुटतो आणि पुन्हा वर येतो. म्हणजे दशकांपूर्वी शेतांतून वाहून आलेले खत आजचे शैवाल पोसते. त्यातच नीलहरित शैवाल हवेतून विरघळलेला नायट्रोजन वापरू शकते, त्यामुळे नुसता नायट्रोजन कमी करून ते आटोक्यात येत नाही.

तेव्हा कराराची परीक्षा पाण्याच्या रंगावरून नव्हे, तर नद्यांच्या मुखाशी आणि सांडपाण्याच्या नळाशी काय मोजले जाते त्यावरून करावी. तिथे काम दिसते. १९९२ मध्ये शंभराहून अधिक प्रदूषणस्थळांची यादी झाली. सुधारणा झाल्याखेरीज नाव वगळायचे नाही, असा दंडक. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचे नैऋत्य सांडपाणी शुद्धीकरण केंद्र २००५ मध्ये सुरू झाले, त्यात शेजारी देशांनीही पैसा घातला. हा परोपकार नव्हता. आधीच शुद्धीकरण करणाऱ्या शहरात उरलासुरला फॉस्फरस काढण्यापेक्षा, जिथे सांडपाणी तसेच सोडले जाते तिथे लोहक्षार घालून तो साक्यात बसवणे कितीतरी स्वस्त पडते.

जहाजांबाबतची युक्ती मला अधिक आवडते. बंदरात कचरा उतरवण्याचे वेगळे शुल्क नाही. ते बंदर-शुल्कातच येते, वापरा किंवा न वापरा. समुद्रात फेकून पैसे वाचतच नाहीत. पुढे प्रवासी जहाजांना अशुद्ध मैला सोडण्यास बंदी आली. मालवाहू जहाजे मात्र तिच्यातून सुटली. शिवाय टाकीत साठून कुजलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि बंदराच्या गटारनळ्या खातो. त्यामुळे बंदरात मैला उपसायला नुसता पंप बसवून भागत नाही.

खरी अडचण शेतीची. नळाला आणि जहाजाला मालक असतो, पण पावसाने शेतातून वाहून जाणाऱ्या खताला कोण जाब विचारणार? करारातल्या देशांनी २००७ मध्ये पोलंडच्या क्राकावला केलेल्या आराखड्यातली, समुद्र सुस्थितीत आणण्याची २०२१ ची मुदत हुकली आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या ल्युबेकमध्ये ती २०३० वर ढकलली गेली. बाल्टिकला मिळणाऱ्या नेमान, दौगावा या नद्यांवर वरच्या अंगाला असलेला बेलारूस करारात नाही. करारात असलेल्या रशियाबरोबरच्या बैठका २०२२ पासून थांबल्या आहेत.

करारात शेणखताची मर्यादा आहे: हेक्टरी वर्षाला १७० किलो नायट्रोजन आणि २५ किलो फॉस्फरस. शेतीतल्या नायट्रोजनमुळे होणारे जलप्रदूषण रोखणाऱ्या युरोपीय संघाच्या नायट्रेट निर्देशात मात्र फक्त पहिली. डुकरे व कोंबड्यांच्या खतात फॉस्फरस तुलनेने जास्त असतो, म्हणून १७० ची रेषा पाळूनही २५ ची सहज ओलांडली जाते. तपासणी अधिकाऱ्याने शेतकऱ्याच्या खतवहीत दुसरा, म्हणजे फॉस्फरसचा, रकानाही पाहावा, एवढे सक्तीचे केले तरी पुष्कळ होईल.

– एक वाचक