रात्रीच्या दह्याविषयी

वाई, आश्विन शुद्ध द्वितीया

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझ्या खोलीतल्या मित्राचा फोन आला. तू काशीच्या अस्सी घाटाच्या पायऱ्यांवर भोवळ येऊन बसलास आणि हे घरी कळवायचे नाही अशी त्याला ताकीद दिलीस, असे तो म्हणाला. त्याच्यावर रागावू नकोस. कवित्व देणाऱ्या चिंतामणी मंत्राचा जप वर्षभर करायचा तू नेम धरला आहेस, एकभुक्त राहतोस आणि रात्री जेमतेम तीन तास झोपतोस, हे मला परक्याच्या तोंडून कळावे याचे वाईट वाटले. झोपेविषयी मात्र एक अक्षर लिहायचे नाही असे ठरवूनच कागद पुढे घेतला आहे.

तुझा आधार मला ठाऊक आहे. नैषध या नळ-दमयंतीच्या संस्कृत महाकाव्यात पहिल्याच सर्गाअखेर कवी श्रीहर्ष आपल्या काव्याला ‘चिन्तामणिमन्त्रचिन्तनफल’ म्हणतो, आणि चौदाव्या सर्गात सरस्वती नळाला तोच मंत्र देताना सांगते, की वर्षभर तो जपणारा ज्या कोणाच्या मस्तकावर हात ठेवील, तोही अवचित सुंदर श्लोक रचू लागेल. नानांच्या निर्णयसागरी प्रतीत या श्लोकाशेजारी तू बारावीत असताना पेन्सिलीने उभी रेघ ओढली होतीस. ती मी काल रात्री पुन्हा पाहिली. तेव्हा मला अभिमान वाटला होता आणि खरे सांगायचे तर आजही वाटतो.

पण जैन ग्रंथकार राजशेखरसूरीने १३४८ मध्ये प्रबंधकोशात लिहिलेली श्रीहर्षाची कथा तू अर्धीच उचललीस. वडील श्रीहीर राजसभेतल्या वादात हरले, तो सल मनात धरून श्रीहर्षाने गंगातीरी वर्षभर हा मंत्र जपला आणि देवी त्रिपुरा प्रसन्न झाली, इथवर तू मला मोठ्या रंगात सांगितलेस. पुढचे का गाळलेस? त्याची वाणी इतकी दुर्गम झाली की ऐकणाऱ्यांना काही उमगेना. तो पुन्हा देवीकडे गेला, तेव्हा ती म्हणाली, मध्यरात्री डोके भिजवून दही खा आणि मग झोप, म्हणजे कफाने बुद्धीला थोडे जडत्व येईल. त्यानंतर कुठे त्याचे बोलणे लोकांना कळू लागले. बघ, झोप देवीनेच सांगितली आहे! दह्याचे तेवढे ऐकू नकोस. तिसरीत रात्रीच्या दह्यानेच तुझी छाती भरली होती आणि मी पहाटेपर्यंत ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून तुला शेकत बसले होते.

काव्यादर्श या काव्यशास्त्राच्या ग्रंथात दंडी तर जन्मजात प्रतिभा नसणाऱ्यालाही धीर देतो: ‘श्रुतेन यत्नेन च वागुपासिता’, अध्ययनाने आणि कष्टाने उपासिलेली वाणी काही ना काही अनुग्रह करतेच. न्यायमताचे खंडन करणारा खंडनखंडखाद्यासारखा ग्रंथ ज्या श्रीहर्षाने लिहिला, त्याने नैयायिकांची, म्हणजे न्यायशास्त्र्यांची, पोथ्यापुस्तके किती उलथली असतील याचा विचार कर, आणि तीन तास झोपलेल्या माणसाच्या डोक्यात दुपारी न्यायातला ‘अवच्छेदक’सारखा अवघड शब्द शिरतो का, तेही स्वतःला विचार. हे व्याख्यान झाले. क्षमा कर, निवृत्त होऊन सहा वर्षे झाली तरी फळा समोर असल्यासारखी मी बोलते. जप सोड असे मी म्हणत नाही. घरात घट बसलेला असताना ते माझ्या तोंडून येणारही नाही.

नैषधाच्या त्याच पहिल्या सर्गात नळाच्या मुठीत सापडलेला हंस रडतो, ‘मदेकपुत्रा जननी जरातुरा’, मी एकुलता एक आणि आई म्हातारपणाने गांजलेली. नाना ओसरीवर रघुनाथ पंडितांचे नळ-दमयंतीचे आख्यान म्हणत, त्यातही हा हंस होता, आणि तू पाच वर्षांचा असताना राजाने त्याला सोडले हे नक्की झाल्याशिवाय पानावर बसला नव्हतास. भात निवून गेला होता. परवा तो श्लोक वाचताना ‘जरातुरा’वर मी थोडी हसले आणि मग पुस्तक मिटले.

नैषधाच्या 22 सर्गांच्या शेवटी दर वेळी श्रीहर्ष पित्याबरोबर माता मामल्लदेवीचेही नाव घेतो. मुलगा नदीकाठी बसला होता त्या वर्षी ती काय करत होती, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

अष्टमीच्या फुलोऱ्याच्या कडाकण्या पाठवीन. त्या प्रसादाच्या आहेत, तेव्हा नेम मोडला असे न मानता संध्याकाळी खाव्यास. बाबांना भोवळीचे सांगितलेले नाही. तुझ्या मित्राला रात्री दहाला दिवा मालवायला सांगितले आहे आणि तो हो म्हणाला आहे.

तुझी आई