अळिवाच्या लाडवांबरोबर

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री एक वाजता तुझा फोन आला, त्यानंतर डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर मी नुसतं ‘घाबरू नको’ एवढंच म्हणाले. मागून अकरा दिवसांच्या छकुलीचं रडणं आणि सूनबाईचे हुंदके ऐकू येत होते, मग माझंच मन थाऱ्यावर राहिलं नाही. आता सकाळचे सहा वाजलेत. शेजारचा मुलगा दुपारच्या गाडीनं पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर लाडू पाठवतेय आणि डब्यातच हे पत्र ठेवतेय. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नसतं झालं तर मीच गाडीत बसले असते. पण रविवारपर्यंत दर चार तासांनी त्यांच्या डोळ्यात औषध घालायला माणूस लागतं.

तू विचारलंस, ‘आई, हिला दूध पुरत नाही. रात्री एकदा डब्याचं दूध देतोच आहोत, दिवसाही सुरू करू का?’ माझं उत्तर आहे, लगेच नको. का नको ते लिहिते. तू वाच आणि मग सूनबाईला वाचून दाखव.

आजोबा तुला आपल्या कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्यायचे, आठवतं? म्हशी रस्त्याकडेला उभ्या, डोळ्यांदेखत धार काढलेलं, फेसाळ, कोमट दूध पेल्यात. तू मिशा पांढऱ्या करून घरी यायचास. एका संध्याकाळी मीही होते बरोबर. शेजारून वरातीचा बँड गेला आणि एक म्हैस बिथरली. कास तटतटलेली, पण धार येईना. गवळी चिडला नाही. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, रेडकू सोडलं, रेडकानं दोन ढुशा दिल्या, चार घुटके घेतले आणि म्हैस पान्हावली. आजोबा तेव्हा म्हणाले होते, ‘म्हस दूध चोरती म्हंजे तिच्याकडं दूध न्हाई, असं न्हवं.’

सुनेची तुलना जनावराशी करतेय असं समजू नको. पण बाईच्या अंगातही हेच चालतं. बाळ ओढायला लागलं की मेंदूतून दोन रसायनं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते सोडतं. त्या सोडण्यालाच आपल्याकडे पान्हा म्हणतात. भीती, दुखणं, लाज, चार माणसांच्या नजरा यांनी पान्हा अडतो. दूध आत असूनही येत नाही. आणि आतलं दूध तसंच साचून राहिलं की शरीराला कळतं, इथं एवढी गरज नाही, आणि ते बनवणं कमी करतं. छाती रिकामी होईल तसं दूध भरतं. विहिरीचा उपसा थांबला की झरे बुजतात, तसं हे आहे.

म्हणून रात्रीच्या त्या बाटलीनं मला काळजी लावली. तिला झोप मिळावी म्हणून तू ती देतोस, तुझं मन मला कळतं. पण प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं. त्या वेळी पाच-सहा तास बाळ छातीला लागलं नाही, तर दूध वाढण्याची सर्वांत चांगली वेळ वाया जाते.

आता जे तुला कधी सांगितलं नाही, ते सांगते.

तू झालास 1993 च्या आषाढात, बाहेर धो धो पाऊस. माझंही सिझर झालं होतं. दवाखान्यानं तुला पहिला दीड दिवस माझ्याकडे दिलंच नाही, बाटलीनं साखरेचं पाणी आणि वरचं दूध पाजलं. तू माझ्याकडे आलास तेव्हा तुला बाटलीची सवय झाली होती. छातीला लावलं की तोंड फिरवून किंचाळायचास. घरी आले तर येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची, ‘दूध येतंय का गं?’ तिसऱ्या आठवड्यात तुझी आजी म्हणाली, ‘हिच्या अंगात दूधच नाही.’ ते वाक्य मी खरं मानलं. वरचं दूध वाढत गेलं, तू दीड महिन्याचा होईतो माझं आटलं. पुढं कितीतरी वर्षं तुला सर्दी झाली तरी मला वाटायचं, माझ्यामुळं झाली.

तुझी बहीण झाली तेव्हाही मी तीच बाई होते, खाणंपिणं तेच, घरही तेच. फरक एवढाच की गल्लीत एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्या पहिल्याच दिवशी आल्या, तिला उघडी करून माझ्या उघड्या छातीवर पालथी ठेवली, वरून पांघरूण घातलं, आणि खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी येऊन बसायच्या. तुझ्या बहिणीला मी दोन वर्षं पाजलं. तेव्हा मला समजलं की तुझ्या वेळी माझ्या अंगात काही कमी नव्हतं. म्हणून सूनबाईला कुणीही, अगदी लाडानंसुद्धा, ‘तुला दूध कमी आहे’ असं म्हणायचं नाही. तूही नाही.

त्या बाईंनी शिकवलेलं सांगते, संकोच सोडून लिहिते. काल सूनबाई म्हणाली, बोंडाला चिरा पडल्यात, पाजताना डोळ्यांत पाणी येतं. म्हणजे छकुली नुसतं टोक धरते. तसं धरलं की आईला दुखतं आणि बाळाला दूधही कमी मिळतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं, मान वळलेली नको. बोंड आधी तिच्या वरच्या ओठाला लावायचं, जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, आणि मग बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, भोवतीचा काळसर भाग खालून बराचसा तोंडात. नीट लागली की गाल आत ओढले जात नाहीत आणि गिळल्याचा हलका ‘कह् कह्’ आवाज येतो. दुखलं तर तसंच सोसायचं नाही. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कडेनं आत घालायची, पकड सुटते, पुन्हा लावायचं. टाके दुखत असतील तर बाळाला बगलेत धरून पाजायचं, नाहीतर कुशीवर झोपून. पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब चिरांवर लावून वाळू द्यायचे.

किती वेळा? दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा. घड्याळ बघून नाही. ती मुठी चोखायला लागली, मान इकडंतिकडं फिरवायला लागली की लगेच. रडायला लागली म्हणजे उशीर झाला. एक बाजू पूर्ण होऊ द्यायची, मग दुसरी. आणि झोपाळू असेल तर तीन तासांच्या वर झोपू न देता तळपाय चोळून उठवायचं. तू म्हणतोस ना, संध्याकाळी सहापासून दहापर्यंत सोडतच नाही, म्हणजे पोट भरत नसणार? या वयाची बाळं संध्याकाळी तसंच करतात, पुन्हापुन्हा ओढून उद्याच्या दुधाची मागणी नोंदवतात. त्या चार तासांत सूनबाईला बिछान्यातून उठू देऊ नको.

पाजून झाल्यावर दिवसातून चार-पाच वेळा, दहा-पंधरा मिनिटं पंपानं किंवा हातानं दूध काढायचं. पहिल्या दिवशी तळाशी चमचाभर निघेल. तिनं ते बघून रडायचं नाही, कारण पंपाला सहसा बाळाएवढं काढता येत नाही. ते मोजण्यासाठी नाहीच, शरीराला अजून बनव असं सांगण्यासाठी आहे. निघेल ते वाटीत ठेव. बाहेर 4 तास टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी, फ्रीजमध्ये ठेवलं तर चार दिवसांपर्यंत. रात्रीच्या बाटलीच्या जागी हेच दे, वाटी-चमच्यानं. आपलं जुनं चांदीचं बोंडलं सापडलं तर मी आणते. पण एक ध्यानात ठेव, रात्रीचं डब्याचं दूध एकदम तोडू नको. आधी डॉक्टरांना वजन दाखव, त्यांना विचारून थोडं थोडं कमी कर. दोन-तीन दिवसांत फरक कळायला लागतो, आठवडा लागला तरी धीर सोडू नका.

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून किंवा छाती मऊ लागते यावरून ठरत नाही. लघवीवरून ठरतं. एक वही घे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त दुपटी ओली, लघवी फिकट, शी पिवळी, म्हणजे पोटात दूध जातंय. आणि वजन. तू सांगितलंस, जन्मतः 2 किलो 900, पाचव्या दिवशी 2 किलो 680, काल अकराव्या दिवशी 2 किलो 800. अरे, पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, आणि सहा दिवसांत 120 ग्रॅम म्हणजे दिवसाला 20 ग्रॅम ती भरतेय. दोन आठवड्यांच्या सुमाराला जन्माचं वजन परत यायला हवं. वाढ थोडी आणखी हवी, म्हणून तीन-चार दिवसांनी त्याच काट्यावर पुन्हा मोज.

पण सहा-आठ तास लघवीच झाली नाही, ओढायलाही उठत नाही एवढी सुस्त झाली, ताप आला, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला, तर माझ्या पत्राची, फोनची वाट न बघता तिला उचल आणि दवाखाना गाठ. आणि डॉक्टर म्हणाले की सध्या वरचं दूध हवंच, तर द्या, त्यात कमीपणा नाही. मी डब्याच्या विरोधात नाही, घाईच्या विरोधात आहे. तू झालास त्याच्या आदल्या वर्षी, 1992 मध्ये, सरकारनं कायदा केला, 2003 मध्ये तो आणखी कडक केला. बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायची नाही, आयांना फुकट नमुने द्यायचे नाहीत, आणि आईचं दूध सर्वोत्तम हे डब्यावरच छापायचं. तुझ्या घरातल्या डब्यावर बघ, असेल.

सूनबाईची तपासणीही कर. तिची थायरॉइडची गोळी गरोदरपणात सुरू झाली होती ना? बाळंतपणानंतर तिचं प्रमाण पुन्हा बघावं लागतं, थायरॉइड बिघडलं की दूध कमी होतं. ऑपरेशनमध्ये रक्त जास्त गेलं असेल तर हिमोग्लोबिनही बघा. शतावरीचा कल्प, मेथीच्या गोळ्या हे डॉक्टरांना विचारूनच. दूध वाढवायचं कुठलंही औषध मेडिकलमधून आपल्या मनानं आणायचं नाही.

लाडवांचं सांगते. अळीव रात्रभर शहाळ्याच्या पाण्यात भिजवले, सकाळी ओलं खोबरं आणि आपला कोल्हापुरी गूळ घालून परतले. सकाळ-संध्याकाळ एकेक. बाळंतिणीला एरवीपेक्षा साधारण पाचशे कॅलरी जास्त लागतात, म्हणून भाकरी, डाळ, तूप, पालेभाजी, मटणाचा पांढरा रस्सा सगळं घालायचं. पण सोन्या, खाणं अंगाची ताकद राखतं, दूध बाळाच्या ओढण्यानं येतं. नुसते लाडू खाऊन दूध आलं असतं तर तुझ्या वेळी मला पूर आला असता, तुझ्या आजीनं किती चारले होते! विहीणबाई बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं म्हणत असतील, तर त्यांना माझ्याकडून हात जोडून सांग, तहान लागेल तेवढं पाणी द्या. पाजायला बसली की शेजारी तांब्या भरलेला हवा. बाळाला मात्र पाणी, मध, घुटी काही नको, सहा महिने फक्त आईचं दूध. आत्यानं घुटी पाठवली तर तिला माझं नाव सांग.

आणि तुझं काम. आई पाजते आणि बापानं बघत बसायचं, असं नाही. रात्री ती जागली की तू उठ. छकुलीला उचलून तिच्याजवळ दे, पाजून झालं की ढेकर काढ, दुपटं बदल, वहीत खूण कर, आणि तिला लगेच झोपू दे. झोप तिला हवीच आहे, पण ती बाटलीनं नाही, तुझ्या हातांनी दे. दिवसा दुपारी तास-दोन तास तिला अंधाऱ्या खोलीत झोपव. भेटायला येणाऱ्यांना दाराशीच गोड बोलून परत पाठव, वाईटपणा माझ्या नावावर घाल, म्हण आईनं सव्वा महिना सांगितलंय. बापासाठी कंपनीत जी सुट्टी आहे ती नंतरसाठी राखू नको, आत्ताच घे. आणि तिचं रडणं थांबलंच नाही, पंधरा दिवस उलटूनही मन उदासच राहिलं, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. ते दुखणंच असतं, नाटक नसतं.

फोनवर ती मला म्हणाली, ‘आई, मी चांगली आई नाही.’ हे वाक्य मी तीस वर्षांपूर्वी याच घरात मोरीत उभी राहून स्वतःशी म्हटलं होतं. तेव्हा मला कुणी उत्तर दिलं नाही. तू तिला आज दे.

ओलं खोबरं आहे, डबा पोचल्याबरोबर लाडू फ्रीजमध्ये ठेव, चार-पाच दिवसांत संपवा. मी सोमवारी सकाळच्या गाडीनं निघते. वही भरून ठेव, आल्यावर आधी तीच बघणार आहे.

तुझी,
आई