वाडा पुरे झाला, आता भीती आमच्या बिल्डिंगमध्ये आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मराठी भयपटांवरचा लेख वाचला. लेख आवडला, पण वाचून संपल्यावर लक्षात आलं की अख्ख्या लेखात एकही बिल्डिंग नाही, सगळी भुतं एकतर वाड्यात नाहीतर गावाबाहेर. यात लेख लिहिणाऱ्याची चूक नाहीच, आपल्याकडे पिक्चरच तसे बनतात. २०१७ चा ‘लपाछपी’ उसाच्या फडातला, मला तो प्रचंड आवडला होता, पुढे हिंदीवाल्यांनीही तो ‘छोरी’ म्हणून परत केला. ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेने कोकणातला वाडा घराघरात नेला. हे सगळं मान्य, पण मी डोंबिवलीत राहते हो, माझ्या आजूबाजूला ऊसही नाही आणि विहीरही नाही. मला भीती वाटते ती जिन्यातला दिवा गेल्यावर, समोरचं दार बंद असताना आतून टीव्हीचा आवाज येतो तेव्हा, आणि ही भीती मराठीत कोणी दाखवतच नाही, म्हणून हे पत्र.

राम गोपाल वर्माचा ‘भूत’ आला तेव्हा म्हणजे २००३ ला माझ्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. ह्यांची नाईट शिफ्ट असायची. पिक्चर बघून आल्यावर दोन आठवडे मी स्वयंपाकघरातली ट्यूब रात्रभर चालू ठेवून झोपायचे, बिल वाढलं तरी कोणी काही बोललं नाही कारण सासूबाईंनीही तो माझ्याबरोबरच बघितला होता. एवढं काय होतं त्यात? अजय देवगण आणि आपली उर्मिला मातोंडकर, नवरा-बायको, मुंबईतल्या उंच बिल्डिंगमध्ये घर घेतात, घर स्वस्तात मिळतं कारण आधी तिथे राहणारी बाई तिथूनच पडून गेलेली असते, आणि नवऱ्याला हे माहीत असतं, तो बायकोला सांगत नाही. बस. भुताच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला तो इथे. कारण घर घेताना आपण सगळ्यात आधी हेच विचारतो ना, रेट एवढा कमी का? आणि एजंट म्हणतो, पार्टीला अर्जंट पैसे हवेत मॅडम. खरं काय ते नंतर भाजीवाल्याकडून कळतं.

दुसरं म्हणजे त्या पिक्चरमध्ये गाणं नाही, एकही नाही. त्या काळात हे केवढं धाडस होतं. सगळा खेळ आवाजाचा, सलीम-सुलेमानचं पार्श्वसंगीत आणि मधेच एकदम शांतता, त्या शांततेत थिएटरमधले लोक खुर्चीचा हात धरून बसलेले मी बघितलेत. वॉचमन, कामवाली, शेजारी, लिफ्ट, पार्किंग, सगळं रोजचंच, आणि त्यातल्या कोणावरच धड विश्वास ठेवता येत नाही. सीमा बिस्वासने केलेली ती कामवाली नुसती उभी राहून बघते तरी अंगावर काटा येतो. नाना पाटेकर इन्स्पेक्टर, तनुजा, रेखा, कुठलंही काम वाया गेलेलं नाही, पण पिक्चर उर्मिलाचाच. चेहऱ्यावर काही न लावता नुसत्या डोळ्यांनी तिने जे केलंय ते मला आजही एकटीने बघवत नाही. पुढच्याच वर्षी त्याचा तमिळमध्ये ‘शॉक’ झाला, मीनाला घेऊन. मराठीत मात्र त्या वाटेने कोणी गेलं नाही.

मग २००९ ला ‘१३बी’ आला, विक्रम कुमारचा, तमिळमध्ये तोच ‘यावरुम नलम’. माधवनचं भरलेलं एकत्र कुटुंब, तेराव्या मजल्यावर नवीन घर, आणि लिफ्ट सगळ्यांसाठी चालते पण तो एकटा आत गेला की चालत नाही. घरातल्या बायका रोज दुपारी एक सिरियल बघतात आणि हळूहळू कळतं की सिरियलमधल्या घरात जे होतंय तेच ह्यांच्या घरात होतंय. हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार, कारण दुपारी एक वाजता जेवण आवरून सिरियल लावणं ही माझ्या सासूबाईंच्या दिवसातली सगळ्यात सेफ वेळ होती, आणि त्याने भीती नेमकी तिथे नेऊन ठेवली. माझ्या नणंदेच्या टॉवरमध्ये आजही लिफ्टमध्ये बारानंतर थेट चौदाचं बटण आहे. त्याच टॉवरमध्ये आगीच्या वेळी जमायला म्हणून मोकळा ठेवलेला रेफ्यूज एरिया आहे, राहायला कोणी नाही, दिवसभर नुसता वारा सुटलेला असतो आणि लिफ्ट कधी कधी कोणी बटण दाबलेलं नसताना तिथे थांबते. तिथे शूट करायला सेटसुद्धा लावायला नको.

बाहेरच्या देशातला एकच सांगते, स्पेनचा ‘रेक’, २००७ चा. बार्सिलोनातली एक जुनी बिल्डिंग, फायर ब्रिगेडबरोबर टीव्हीची रिपोर्टर आत जाते आणि बाहेरून बिल्डिंग सील होते. मी तो २०२० मध्ये बघितला, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधलेले असताना. त्यातले रहिवासी खालच्या पॅसेजमध्ये जमून एकमेकांवर ओरडतात ना, ते थेट आमच्या जनरल बॉडी मीटिंगसारखं वाटलं आणि म्हणूनच मला तो शेवटपर्यंत बघवला नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडात संपवला.

आता मुद्द्याचं. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. चार मजले, सोळा घरं, त्यातली तेरा रिकामी झाली, आमचं धरून तीन घरं राहिलीत, आम्ही थांबलोय कारण मुलाची बारावी आहे. जे गेले त्यांच्या खिडक्या, ग्रिल, दारं भंगारवाल्याने काढून नेली. रात्री खालून वर बघितलं की दात पडलेल्या तोंडासारखं दिसतं. मागच्या महिन्यात पहाटे पाच वाजता वरच्या घरातून पाण्याचा आवाज यायला लागला, कोणीतरी बादली भरतंय असा, वीस वर्षं वरच्या काकू पाच वाजताच पाणी भरायच्या आणि त्या तर जानेवारीतच बदलापूरला गेल्या. तीन दिवस ऐकून घेतलं, चौथ्या दिवशी वॉचमनला घेऊन वर गेले. दार नव्हतंच, नुसती चौकट, उंबऱ्यावर रांगोळीचं स्टिकर तसंच. देव्हारा होता तिथे भिंतीवर तेलकट काळा चौकोन. ओट्याच्या कडेला कुंकवाचं स्वस्तिक, दिवाळीत काकूंनी काढलेलं. आणि छताला कपडे वाळत घालायची दांडी अजून होती, तिची दोरी हलत होती. खिडकीच नाही तर वारा येणारच, मला कळत होतं, तरी मी चौकटीच्या आत पाऊल टाकलं नाही. वॉचमननेच जाऊन नळ बंद केला. भंगारवाल्याने नळ अर्धवट सोडलेला, पाचला पंप सुरू झाला की आधी पाइपातली हवा गुरगुरायची आणि मग पाणी.

कारण कळलं. पण त्यानंतरही पहाटे पाचला मला जाग येते आणि मी ऐकत पडून राहते, आता काहीच आवाज येत नाही आणि त्याचीच जास्त भीती वाटते. वरच्या घरात भूत नाही हो, काकू नाहीत, एवढंच. ही भीती आज मुंबई, ठाणे, पुण्यात किती घरांत असेल, अर्धी रिकामी बिल्डिंग, भाड्याच्या घराची शोधाशोध, कोण आधी सही करतो आणि कोण शेवटपर्यंत अडून बसतो त्यावरून झालेली भांडणं, ज्याच्याशी वीस वर्षं डबे दिले-घेतले त्याच्याबद्दल मनात आलेला संशय. ह्याच्यात थ्रिलरही आहे आणि हॉररही आहे. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचून मोठे झालेलो आपण, मतकरींच्या कथांमध्ये तर साध्या मध्यमवर्गीय घरातच काहीतरी भयंकर घडायचं, त्यासाठी कुठे लांब जावं लागायचं नाही. मग आपल्या निर्मात्यांना वाडाच कशाला लागतो?

एक विनंती मात्र आहे. बनवाल तर थिएटरसाठी बनवा, आवाजावर खर्च करा आणि कॉमेडीसाठी एक वेंधळा सेक्रेटरी घुसवू नका. आमचे सेक्रेटरी सत्तरीचे आहेत, टाकीचं झाकण बघायला अजून रोज रात्री टॉर्च घेऊन एकटे टेरेसवर जातात. त्या माणसाला नुसतं जिना चढताना दाखवलंत तरी पुरे.

कुणा लेखकाला, दिग्दर्शकाला खरंच बघायची असेल तर आमची बिल्डिंग परीक्षा संपेपर्यंत उभी आहे. संध्याकाळी सातनंतर या, तेव्हा फक्त तीनच घरात दिवे असतात.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)