मंग्या, मी फुल मॅरेथॉन धावलो

प्रिय मंग्या,

त्या दिवशी फोनवर तुला नुसतं "झाली एकदाची" एवढंच सांगितलं, तू शिफ्टमध्ये होता अन् मलाही बोलता बोलता भरून आलं, म्हणून आता निवांत लिहून राहिलो. मुंबईची फुल, 42.195 किलोमीटर, पूर्ण केली. पाच तास एकवीस मिनिटं.

तुला आपली भरती आठवते ना बे? 1600 मीटर, चार राउंड. तू कधीचाच पोहोचला होता, अन् मी शेवटच्या राउंडला पोटरीत गोळा येऊन खाली बसलो. तू वळणावर उभा राहून ओरडून राहिला होता, "हात हलव गज्या, हात हलव, पाय आपोआप येतात!" तू लेखीत राहिला, मी ग्राउंडमध्येच. त्यानंतर बारा वर्षं मी धावलो नाही. धावणं म्हटलं की ती शिट्टी अन् ते स्टॉपवॉचच डोळ्यापुढे यायचं, कोणीतरी आपल्याला बाद करायलाच उभं आहे असं वाटायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मागच्या पावसाळ्यात फाट्यावर भरतीची पोरं धावताना दिसली अन् त्यांच्यासंगं सहज निघालो, दोन किलोमीटरमध्ये जीव गेला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मग सप्टेंबरपासून नीट धरलं. आठवड्यात चार दिवस, रविवारी लाँग रन, तो दर वेळी दोन-तीन किलोमीटरनं वाढवत डिसेंबरात आर्वी-पुलगाव रोडवर 32 पर्यंत नेला. सोयाबीनच्या काढणीत पंधरा दिवस बुडाले. पुढे हरभऱ्याच्या ओलिताला विजेची लाइन रात्रीची, म्हणजे रात्रभर स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे अन् पहाटे साडेचारला शूज घालायचे. वेचणीला जाणाऱ्या बाया आधी विचारायच्या, "काहून धावून राहिला गा, काय झालं?" मग त्यांना सवय झाली. एक म्हातारी तर रस्त्यात थांबवून आपल्या कॅनमधलं पाणी पाजायची, तेही माझा श्वास खाली बसेपर्यंत सोडायची नाही.

वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसनं गेलो, शनिवारी बांद्र्याच्या बीकेसीत जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेतला, रात्री झोप काही लागली नाही. सीएसएमटीसमोर अंधारात एवढी माणसं पाहून छातीत धडधडत होतं. अन् तिथली हवा! आपल्याकडे जानेवारीत पहाटे दात वाजतात, घाम आला तरी वाळून तोंडावर मीठ बसते. तिथं घाम वाळतच नाही, त्यामुळे अंग थंडच होत नाही, दहा किलोमीटरमध्येच बनियन पिळून निघालं. मी पेस कमी केला, ते बरं केलं. सी लिंकवर उजाडलं. एरवी त्या पुलावर पायी जाऊच देत नाहीत मंग्या, अन् दोन्हीकडे समुद्र घेऊन मी त्याच्यावरून धावून राहिलो होतो, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

30 पर्यंत ठीक होतं. त्याच्यापुढे स्नायूत साठवलेली साखर संपत येते, एनर्जी जेल अन् इलेक्ट्रॉल घेऊनही पाय दुसऱ्याचेच वाटायला लागतात. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला अन् तीच पोटरी, तोच गोळा. मी बाजूला होऊन कठड्याला धरून उभा राहिलो, डोळ्यात पाणी. एका आजीनं काही न विचारता संत्र्याच्या दोन फोडी हातात ठेवल्या. संत्रं खाल्लं, पोटरी दाबली, चालायला लागलो. वेळ भरपूर शिल्लक होता, कोणीच मला बाद करत नव्हतं. मग तुझी आरोळी आठवली अन् मी खरंच हात हलवायला लागलो, आधी चालत, मग हळूहळू धावत, उतार लागेपर्यंत तोंडानं "हात हलव, हात हलव" चालूच होतं. बाजूचा एक काका पण माझ्यासंगं म्हणायला लागला.

शेवटची लाइन ओलांडली तेव्हा घड्याळ पाहिलंच नाही, टायमिंग रात्री मोबाइलवर कळलं.

आता फाट्यावरच्या पोरांचं 1600 चं टायमिंग मीच घेतो. जो मागं राहते त्याच्यासंगं शेवटचा राउंड धावतो.

होळीला येशील तेव्हा शूज आण, नसतील तर तुझा नंबर कळव, मी इथून घेऊन ठेवतो. पहाटे पाचला नाल्याच्या पुलापर्यंत जाऊ, येऊन-जाऊन आठ किलोमीटर होते. वहिनीला नमस्कार सांग.

तुझाच,
गज्या